लाइट येते, पण गिऱ्हाइकांना लॉगिन मिळत नाही

देवगडचा केबलवाला:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात माझं इंटरनेटचं छोटं काम आहे, १६० कनेक्शन. गिऱ्हाइकाच्या घरचा राउटर पीपीपीओईने, म्हणजे युझरनेम-पासवर्ड देऊन, डायल करतो, माझ्याकडचा मुख्य राउटर मायक्रोटिक ते उचलतो, आणि पासवर्ड, स्पीड, मुदत फ्रीरेडियस हा सर्व्हर बघतो.

मे महिन्यात चाकरमानी आले आणि एका गिऱ्हाइकाने आपलं युझरनेम पलीकडच्या वाडीतल्या भावाला दिलं. प्रत्येक लॉगिनला पूर्ण स्पीड स्वतंत्र मिळतो, म्हणजे एकाच्या पैशात दोन घरं फुल स्पीडवर. मी चिडून सगळ्यांना सायमल्टेनियस-यूज १ लावलं, म्हणजे एका युझरनेमवर एका वेळी एकच लॉगिन. भाऊ बंद.

मग पाऊस लागला. माडाची झावळ तारेवर पडली की लाइट तीन-चार तास गुल. आली की फोन सुरू. लॉगमध्ये बघावं तर 'आधीच लॉगिन आहे' म्हणून नकार! अहो, माणूस इतका वेळ अंधारात बसला होता, लॉगिन कुठलं? एकेकाचं नाव शोधून डेटाबेसातली त्याच्या लॉगिनची ओळ हाताने बंद करतो. परवा रात्री साडेअकराला पडवीत बसून मोबाइलवर हेच चाललं होतं, बायको दार लावायला थांबलेली. शेवटी मर्यादाच काढली. आता भाऊ परत मजेत असणार. काय करू?

जुना मोडेम:
लाइट कोणाची जाते, गिऱ्हाइकाची की तुमच्या मायक्रोटिकची?

देवगडचा केबलवाला:
दोघांची. माझा इन्व्हर्टर दीड तास टिकतो. बॅटरी म्हातारी झालीय.

जुना मोडेम:
मग तिथेच आहे. नुसती गिऱ्हाइकाची लाइट गेली तर मायक्रोटिक हाका मारून बघतो, उत्तर नाही आलं की सेशन, म्हणजे चालू जोडणी, तोडतो आणि रेडियसला (तुमच्या फ्रीरेडियसला) 'स्टॉप' कळवतो. पण मायक्रोटिकच मेला तर स्टॉप पाठवणार कोण? रेडियसच्या टेबलात सगळ्यांच्या ओळी उघड्याच राहतात. तुम्ही लावलेली मर्यादा प्रत्यक्ष लाइन बघत नाही, उघड्या ओळी मोजते.

आमच्या डायलअपच्या काळात मोडेमची फळी असायची. फोन कट झाला की कॅरियर (मोडेमचा सिग्नल) जायचा आणि सर्व्हर हिशेब बंद करायचा. तो सर्व्हरच बसला की मात्र हेच रडगाणं. म्हणूनच आरएफसी २८६६ मध्ये, म्हणजे रेडियसच्या हिशेबाच्या नियमपत्रात, 'अकाउंटिंग-ऑन' आहे: उपकरण नव्याने उठलं की 'माझी जुनी सेशन संपली' असं सांगतं. फ्रीरेडियस डीबगमध्ये चालवा (येणारं प्रत्येक पॅकेट दिसतं), मायक्रोटिक रीस्टार्ट करा आणि ते पॅकेट येतं का बघा. हिशेबाची पॅकेटं येतात तो पोर्ट १८१३ फायरवॉलमध्ये अडकलेला नाही ना, तेही बघा.

बंदरावरचो:
अरे बाबा, त्या पॅकेटाच्या भरवशार रवा नको. अंतरिम अपडेट चालू कर, म्हणजे मायक्रोटिक दर धा मिनटांनी 'सेशन चालू आसा' असा रेडियसाक कळवतलो. मगे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळार आपसूक कामा करता तो) डेटाबेसासाठी एक क्वेरी: जेची ओळ उघडी आसा पण अर्धो तास अपडेट नाय, ती बंद कर. आणि बंद करताना वेळ 'आताची' घालू नको, शेवटच्या अपडेटची घाल. तासांवर प्लॅन असले तर गिऱ्हाइकाचे नसलेले तास कापले जातले आणि मगे तो तुझ्या दारात.

देवगडचा केबलवाला:
तासांचे प्लॅन तीनच आहेत, होमस्टेवाल्यांचे. पण हे लक्षात आलंच नसतं. युझरनेमला राउटरचा मॅक ॲड्रेस (त्याचा ओळख क्रमांक) बांधून टाकला तर?

जुना मोडेम:
रेडियसकडे येणाऱ्या कॉलिंग-स्टेशन-आयडी या रकान्यात मॅक येतो, तपासता येईल. पण राउटर जळला की नवा बसवताना तुम्हालाच फोन, आणि पावसात वीज पडून राउटर किती जळतात ते तुम्हाला ठाऊक. शिवाय बहुतेक राउटरमध्ये मॅक बदलता येतो. भाऊ मुंबईचा असेल तर त्याला जमेलच.

देवगडचा केबलवाला:
अकाउंटिंग-ऑन काही दिसलं नाही. क्रॉन लावला. काल मुद्दाम मायक्रोटिकची वायर काढली. पाऊण तासात सगळे आपोआप आत. तेवढ्यात सात फोन आले ते वेगळं. मर्यादा परत १. बॅटरी गणपतीच्या आधी बदलतो.

बंदरावरचो:
आणि भाऊ?

देवगडचा केबलवाला:
त्याने स्वतःचं कनेक्शन मागितलंय. डिस्काउंट हवाय म्हणतो.