जीडीपी सावरला, पण घरं?

२०२१-२२ मध्ये देशाचा जीडीपी कोरोनाआधीच्या पातळीवर गेला, म्हणजे लोकही सावरले, असं काही जण म्हणतात. आकडा बरोबर, निष्कर्ष पटत नाही. सरकारच्याच श्रमबल पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते, २०२०-२१ मध्ये ४६.५. एरवी माणसं वावर सोडून शहरात जातात, इथे उलटी गंगा. त्यात घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही पाहणीत 'रोजगार असलेला'च. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे पुण्याहून परतलेली पोरं बापाच्याच चार एकरांत फवारणी करत होती. कापूस तेवढाच, वाटेकरी वाढले!

कापूस तेव्हा क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, हेही कोणी सांगेल. खरंय, पण तो भाव जानेवारी २०२२ पासूनचा. कृषी केंद्राची, म्हणजे बी-खताच्या दुकानाची, उधारी चुकवायला दिवाळीतच कापूस विकायला गाडी भरणाऱ्या कास्तकाराला तो कुठून मिळणार? घरात साठवून ठेवणाऱ्यांची चांदी झाली, इतकंच.

म्हणून मी आधी विचारीन, सावकाराकडचं गहाण सोनं सुटलं का? कापूस वेचाईचा दर तेल-डाळीच्या भावाइतका तरी वाढला का? आणि जीडीपीच बघायचा तर निदान दरडोई बघा राव.