ट्रॅव्हलरच्या टपावर सॅटेलाइट नेट लावायचंय, सातपुड्यात चालेल का?

हिंडतं_घर
राम राम मंडळी. ट्रॅव्हलरचं फिरतं घर बांधून झालंय. टपावर ४०० वॅट सोलर, आत १२ व्होल्टची २०० एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी, १००० वॅटचा इन्व्हर्टर, ४५ लिटरचा डीसी फ्रिज. फिरणं सगळं आपल्याच भागात: पाटणादेवी, पाल, यावलचा सातपुडा, शहाद्याहून वर तोरणमाळ, आणि अधूनमधून रावेरकडे केळीच्या मळ्यात मुक्काम. रोज चार-पाच तास व्हिडिओ मीटिंग असते. महामार्गावर मोबाइल नेट पुरतं, डोंगरात शिरलं की कांडी जाते.

विचारायचं एवढंच की डिश कोणती, बॅटरीला झेपेल का, आणि टपावर कायम बसवू की खाली काढून ठेवू? एक नातेवाईक परदेशातून स्टारलिंक या सॅटेलाइट-नेट कंपनीचं किट आणून देतो म्हणतोय, ते घ्यावं का?

कागद_आधी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: घेऊ नका. आपल्याकडे सॅटेलाइट सेवेला दूरसंचार विभागाचा जीएमपीसीएस परवाना (उपग्रहावरून फोन-नेट पुरवायची परवानगी) लागतो. वनवेब या दुसऱ्या कंपनीला तो २०२१ मध्ये मिळाला, स्टारलिंकला जून २०२५ मध्ये. पण हा परवाना कंपनीचा. तुमच्या हातातलं यंत्र भारतातल्या खात्यावर, केवायसीसह नोंदलेलं हवं. परदेशी किट कस्टममध्ये अडकतं. तिथून सुटलं तरी डिशला स्वतःची जागा जीपीएसवरून कळते, आणि खातं ज्या देशासाठी नाही तिथे सेवा मिळत नाही. थुराया आणि इरिडियमचे सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगल्याबद्दल विमानतळावर अटक झालेले प्रवासी आहेत, हे त्या नातेवाइकालाही सांगून ठेवा.

प्लॅन घेताना पहिला प्रश्न विचारायचा: तो एका पत्त्याला बांधलेला आहे की फिरतीचा? पत्त्याचा प्लॅन घेऊन तोरणमाळला गेलात तर डिश चांगली असूनही नेट बंद दिसेल, आणि तुम्ही वायरी तपासत बसाल.

व्हीसॅट_जुना
बँकांच्या, एटीएमच्या छपरावर दिसते ती भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाची व्हीसॅट डिश. ती कायदेशीर आणि जुनी सोय आहे, पण तुमच्या कामाला नको. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, म्हणजे जवळपास १,४३,००० किलोमीटर. नुसत्या प्रकाशाच्या वेगानेच अर्धा सेकंद जातो. प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या वर धरा. मीटिंगमध्ये दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. ईमेल आणि फाइल पाठवायला हरकत नाही. स्टारलिंकचे खालच्या कक्षेतले उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, तिथे हा उशीर २५ ते ६० मिलिसेकंदांवर येतो.

व्हीसॅटचा एक फायदा मात्र आहे. तिला आकाशातला एकच ठिपका मोकळा लागतो. उदाहरणार्थ, जीसॅट-११ हा भारतीय उपग्रह ७४ अंश पूर्वेवर आहे. जळगावहून पाहिलं तर तो दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर. त्या दिशेला झाड नसलं की झालं. पण गाडी हलली की डिश पुन्हा जुळवायची, आणि ते अर्ध्या अंशाच्या हिशेबाचं काम आहे.

सागवान_सावली
खालच्या कक्षेच्या डिशला एक ठिपका पुरत नाही, अख्खी परात मोकळी लागते. स्टारलिंकच्या सध्याच्या डिशला दिसणाऱ्या आकाशाचा कोन ११० अंश आहे. म्हणजे डिश सपाट ठेवली तर चहूबाजूंनी ३५ अंशांच्या वरचं आकाश उघडं हवं. हिशेब सोपा: डिशपेक्षा झाड जेवढं उंच, त्याच्या दीडपट अंतरावर थांबायचं. १५ मीटरचं सागवान असेल तर साधारण २१ मीटर लांब.

म्हणूनच केळीच्या मळ्याची काळजी करू नका. केळ साडेतीन मीटर, तुमचा टप अडीच मीटर, फरक मीटरभराचा. बागेला खेटून उभे राहिलात तरी दोन मीटर अंतर पुरतं. तीच डिश जमिनीवर ठेवली तर मात्र पाच मीटर सोडावे लागतील. अडचण बांधावरच्या चिंचेची आणि पाल-यावलच्या सागवानाची.

सागवानाची अजून एक गंमत आहे. एप्रिलमध्ये ते उघडंबोडकं असतं. डिशच्या ॲपमधला अडथळ्यांचा नकाशा निळाशार दिसतो, जागा पक्की केली जाते. जुलैत त्याच जागी परातीएवढी पानं आली की मीटिंग दर दोन मिनिटांनी गोठते. डिश दर १५ सेकंदांनी उपग्रह बदलू शकते, आणि नेमका झाडामागचा उपग्रह वाट्याला आला की दोन-तीन सेकंद काहीच येत नाही. स्पीड टेस्ट त्यातही चांगली येते, म्हणून लोक फसतात. स्पीड बघू नका. दहा मिनिटं सलग पिंग (जोडणी तपासायचे छोटे संदेश) लावा आणि त्यातली किती पॅकेट गळतात ते मोजा.

तोरणमाळचं पठार, यशवंत तलावाच्या बाजूची मोकळी जागा, उत्तम. घाटातल्या घळीत आशा सोडा. शेजारचा उतारच ३५ अंशांच्या वर चढलेला असतो. आणि अभयारण्याच्या हद्दीत रात्रीच्या मुक्कामाला वन खात्याची परवानगी लागते, ते वेगळं.

वायरवाला_धुळे
बॅटरीचं सांगतो. स्टारलिंकची छोटी मिनी डिश २५ ते ४० वॅट खाते, मोठी स्टँडर्ड ७५ ते १००. मिनी दहा तास चालवली तर तोट्यासकट साधारण ०.३३ युनिट. स्टँडर्ड इन्व्हर्टरवरून चालवली तर एक युनिटच्या आसपास, कारण इन्व्हर्टर स्वतःचंही पोट भरतो.

तुमची बॅटरी २.५६ युनिटची, वापरायचे दोन. मे महिन्यात टपावरचा पॅनल ७० अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटतो, म्हणजे १५-१६ टक्के उन्हानेच खाल्ले. धूळ आणि सपाट बसवणं धरून ४०० वॅटमधून दिवसाला दीड युनिट मिळालं तर चांगलं म्हणायचं. जळगावच्या ४५ अंशांत फ्रिज ०.६५, लॅपटॉप ०.४, पंखे-दिवे ०.३. उरलं किती ते बघा. मिनी ओढूनताणून बसते. स्टँडर्ड घेतली तर तिसऱ्या दिवशी बॅटरी तळाला.

आता वायर. मिनीला १२ ते ४८ व्होल्ट डीसी चालतं असं वाचून लोक थेट बॅटरीला जोडतात. पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर चालू होताना ५ ॲम्पिअर खेचले की ०.८६ व्होल्ट वायरीतच पडतो. पहाटे बॅटरी १२.६ वर असली तरी डिशला ११.७ मिळतात, ती बंद पडते, भार गेला की व्होल्टेज वर येतं, ती परत सुरू होते. रात्रभर हाच खेळ, आणि दोष डिशला. उपाय: बॅटरीजवळ १२ चं ३० व्होल्ट करणारा ५ ॲम्पिअरचा बूस्ट कन्व्हर्टर लावा आणि डिशपर्यंत ३० व्होल्ट न्या. त्याच ४० वॅटला मग १.३ ॲम्पिअर पुरतात. बॅटरी ते कन्व्हर्टर २.५ चौरस मिलिमीटर वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १० ॲम्पिअरचा ब्लेड फ्यूज. जळगावच्या गोलाणी मार्केटला जाल तर वायर सोलून बघून घ्या, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम खपवतात भो.

हिंडतं_घर
केळीचा हिशेब डोक्यात आला नव्हता, आभार. पण मे महिन्यात गाडी उन्हात उभी करायची म्हणजे आत भट्टी. सावलीत लावली तर डिश आंधळी. मग?

सागवान_सावली
गाडी चिंचेखाली, डिश बाहेर. मिनीसोबत १५ मीटरची डीसी केबल येते. वाय-फाय तिच्या पोटातच आहे, पण पत्र्याच्या गाडीत ते अर्धमेलं होऊन येतं. तिच्या लॅन पोर्टातून बाहेरच्या वापराची इथरनेट केबल ओढा आणि आत छोटा राउटर ठेवा. पोर्टाचं रबरी झाकण नीट दाबा, पहिल्या वळवाच्या पावसात तिथूनच पाणी शिरतं. सोलर मात्र सावलीत बसेल. १०० वॅटचे दोन सुटे घडीचे पॅनल घेतलेत तर तेही डिशशेजारी मांडता येतील.

वायरवाला_धुळे
आणि ती डिश काळ्या मातीवर किंवा पत्र्यावर आडवी टाकू नका. तिची मर्यादा ५० अंश हवेची आहे, आणि दुपारी मातीलगतची हवा त्याच्या वर जाते. ती स्वतःच वेग कमी करते, मग बंद होते. तिवईवर गुडघाभर उंच ठेवा. टपावर बसवायचीच असेल तर ॲल्युमिनियमच्या अँगलवर, खाली ७-८ सेंटीमीटर वारा खेळेल इतकी फट ठेवून. नुसत्या चुंबकावर महामार्गाला सोडू नका. वर पातळ सुती कापडाची सावली चालते, कोरडी असेपर्यंत. ओलं कापड केयू बँड, म्हणजे डिशच्या रेडिओ लहरी, अडवतं. बर्फ वितळवायचं हीटिंग ॲपमध्ये बंद आहे ना ते बघा, सातपुड्यात त्याचं काय काम.

टॉवर_बघा_आधी
एवढं सगळं घेण्याआधी ४जीची बाहेरची अँटेना लावून बघा. तापीकाठच्या सपाटीत बहुतेक मुक्काम त्यावरच निभतील. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे बँड लांब पोचतात, २३०० चा डोंगराआड मरतो. राउटरमध्ये बँड हाताने निवडता येईल असा घ्या. आरएसआरपी (राउटरमध्ये दिसणारा सिग्नलच्या जोराचा आकडा) उणे १०५ च्या वर असेल तर व्हिडिओ चालतो, उणे ११५ ला तुटतो. अँटेनापासून राउटरपर्यंत चार मीटरपेक्षा लांब कोएक्सियल (अँटेनाची वायर) नको, मिळालेला सिग्नल वायरच खाऊन टाकते. त्यापेक्षा राउटर अँटेनाच्या डब्यातच असलेला, इथरनेटवरून वीज घेणारा प्रकार बरा. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय तो बेकायदेशीर आहे, टॉवरला त्रास झाला की शोधत येतात.

दोन्ही ठेवलेत तर दुहेरी वॅनचा, म्हणजे दोन नेट-लाइन जोडता येणारा राउटर घ्या, पहिली पसंती ४जी, तो पडला की सॅटेलाइट. बदलताना आयपी बदलतो, त्यामुळे चालू मीटिंग एकदा तुटून परत जोडली जाईल. ते सहन होत नसेल तर मीटिंगच्या आधी हाताने एकच लाइन निवडायची आणि दुसरी बंद ठेवायची.

हिंडतं_घर
मिनीच बघतो मग, आणि २.५ ची वायर. गाडीतल्या कॅमेऱ्यावर लांबून लक्ष ठेवता येईल का त्यावरून?

वायरवाला_धुळे
थेट नाही. साध्या प्लॅनवर सार्वजनिक आयपी मिळत नाही, एकाच पत्त्यामागे बरेच ग्राहक असतात, पोर्ट उघडून उपयोग नाही. कंपनीच्या क्लाउडवरून दिसणारा कॅमेरा घ्या, नाहीतर राउटरमध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन टाकून स्वतःच्या सर्व्हरला जोडा. आणि डिश त्यासाठी चोवीस तास चालू राहणार असेल तर वरच्या हिशेबात अजून अर्धा युनिट धरा.