जीडीजीच्या जनरेशन्स जुनीपासून नवीपर्यंत ओळीने कशा वाचायच्या?

प्रश्न:
दिवसभरात बदलांच्या फाइल्स मेनफ्रेमवरच्या एका जीडीजीत (एकाच बेस नावाखाली ओळीने साठणाऱ्या फाइल्सचा गट, त्यातली प्रत्येक फाइल म्हणजे एक जनरेशन) येतात, कधी चार, कधी नऊ. रात्रीच्या जॉबमध्ये डीडीवर (जॉबला फाइल जोडून देणारी ओळ) नुसतं बेसचं नाव आहे, म्हणजे सगळ्या जनरेशन्स एकत्र येतात. पण एखाद्या खात्याचा पत्ता दिवसात दोनदा बदलला, तर मास्टरमध्ये सकाळचा पत्ता उरतो. रेकॉर्डमध्ये वेळेचं फील्ड नाही. (-2), (-1), (0) असं (0 म्हणजे सर्वांत नवी, -1 तिच्या आधीची) हाताने लिहावं, तर संख्या रोज वेगळी.

उत्तर १:
नुसतं बेसचं नाव दिलं की सर्वांत नवी जनरेशन आधी वाचली जाते आणि सर्वांत जुनी शेवटी. म्हणून जुना पत्ता नव्यावर बसतो. त्या डीडीवर जीडीजीऑर्डर=फिफो (आधी आलेली आधी) द्या, क्रम उलटेल. बेस डिफाइन करताना आयडीकॅम्समध्येही (फाइल्स आणि कॅटलॉग सांभाळणारा युटिलिटी प्रोग्राम) फिफो देता येतं, पण मग तोच बेस वाचणाऱ्या बाकीच्या जॉब्सचाही क्रम बदलतो. डीडीवर दिलेलंच बरं, वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

पुढे खाते क्रमांकावर सॉर्ट करत असाल तर ऑप्शन इक्वल्स विसरू नका. ते नसेल तर एकाच खात्याच्या रेकॉर्ड्सचा आपसातला क्रम टिकेल याची हमी नाही, आणि फिफोची सगळी मेहनत वाया जाते.

उत्तर २:
तुमच्या सिस्टिमवर हा पॅरामीटर चालत नसेल, तर लिस्टकॅटच्या (कॅटलॉगमधली नावं दाखवणारी आज्ञा) आउटपुटमधून पूर्ण नावं (जी0041व्ही00 वगैरे) उचला, त्यांची डीडी कार्ड्स बनवा आणि तयार जेसीएल (जॉब लिहायची भाषा) इंटरनल रीडरला, म्हणजे जॉब थेट सिस्टिमला सोपवणाऱ्या सोयीला, द्या.

प्रश्नकर्ता:
फिफोने काम झालं. वाचून झालेल्या जनरेशन्स शेवटच्या स्टेपमध्ये आयडीकॅम्सने सरसकट डिलीट करू का?

उत्तर १:
नको. मधल्या वेळात नवी फाइल आली तर तीही न वाचता जाईल. पहिल्या स्टेपमध्ये सगळं एका कामाच्या फाइलमध्ये कॉपी करा आणि इनपुट डीडीवर डिस्प=(ओल्ड,डिलीट,कीप) ठेवा. त्या डीडीने घेतलेल्या जनरेशन्सच जातात, आणि कॉपी ॲबेंड झाली (मध्येच बंद पडली) तर सगळ्या राहतात.

कामाची फाइलही जीडीजी असेल तर पुढच्या स्टेप्समध्येही (+1)च, म्हणजे याच जॉबमध्ये बनलेली नवी जनरेशन, लिहा, (0) नव्हे. (0) म्हणजे कालची फाइल. मात्र दुसऱ्या स्टेपपासून रीस्टार्ट केलात तर आकडे नव्याने ठरतात आणि तीच फाइल (0) होते. रीस्टार्टच्या सूचनांमध्ये हे ठळक लिहून ठेवा, रात्री दोन वाजता इथेच चूक होते.

उत्तर ३:
आणखी दोन गोष्टी. सगळ्या जनरेशन्स डिलीट झाल्या आणि दुसऱ्या दिवशी एकही फाइल आली नाही, तर जॉब जेसीएल एररने पडू शकतो. म्हणून कॉपीनंतर आयईबीजेनरने (फाइल कॉपी करणारा प्रोग्राम) एक रिकामी जनरेशन बनवा: सिसयूटी1 (त्याचा इनपुट डीडी) डमी, पण त्यावर रेकएफएम, एलआरईसीएल, ब्लॉकसाइज (रेकॉर्डचा प्रकार, लांबी आणि ब्लॉकचा आकार) स्पष्ट द्या. आणि लिमिट (जीडीजीत जास्तीत जास्त किती जनरेशन्स राहतात) तपासा. लिमिट 5 असताना नऊ फाइल्स आल्या, तर पहिल्या चार रात्रीच्या जॉबआधीच गळून पडतात, तेही कुठलीही एरर न येता. साध्या जीडीजीला 255 पर्यंत जाता येतं, एक्स्टेंडेडला 999.