स्मारक झाडीत लपवायचं की हायवेला दाखवायचं?

माळावरचा
परवा इथं एकानं लिहिलं की आपल्या गावामागच्या डोंगरावरचं मुक्तिसंग्रामाचं स्मारक "हायवेवरून दिसलं पाहिजे. ५१ फुटी स्तंभ, खाली पेव्हर ब्लॉक, रात्री फोकस. झाडीत मिसळून जाणारं वगैरे सगळे पुण्याच्या आर्किटेक्टांचे चोचले." दोन दिवस गप्प बसलो. आता नाही बसवत.

मराठवाड्यात जंगल म्हणजे औषधाला. बालाघाटाच्या त्या उतारावर धावडा, सालई, पळस कसाबसा तग धरून आहे. तो साफ करून त्यावर फरशी अंथरायची आणि मग कुंडीत क्रोटन लावून "सुशोभीकरण" म्हणायचं? स्टॉकहोमची जंगलातली दफनभूमी बघा. १९१५ च्या स्पर्धेतून आस्प्लुंड आणि लेवेरेंट्झ या दोघा आर्किटेक्टांना काम मिळालं. जुन्या खाणीच्या जागेवर पाइनचं रान होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं. १९२० चं छोटं चॅपेल झाडांच्या शेंड्यांच्या खालीच राहतं. १९९४ पासून ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे. तिथं जाणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. आपल्याकडं आवाज कोण खाली आणतं? डीजेवाला?

सतरा सप्टेंबर
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायला लाजू नका.

माझे आजोबा १९४८ ला निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. दिवसा कपारीत, रात्री पायवाटेनं. आजी सांगायची, भाकरी फडक्यात बांधून ठरलेल्या झाडाच्या बेचक्यात ठेवायची आणि मागं न बघता परत फिरायची. जिवंतपणी लपले, आता मेल्यावरही लपवा म्हणताव? आणि तुमच्या स्टॉकहोमात आत शिरल्या शिरल्या उघड्या गवताळ उतारावर भलामोठा ग्रॅनाइटचा क्रूस उभा आहे. तो का नाही हो झाडीत घातला? अर्धवट उदाहरणं द्यायची अन् वर आम्हाला अडाणी ठरवायचं.

माळावरचा
क्रूसाचा एक गुण घ्या. पण तो क्रूस एकटा उभा आहे, त्याच्या पायाशी पेव्हर ब्लॉक अन् उद्घाटकांच्या नावाची पाटी नाही.

आणि ज्या झाडीनं तुमच्या आजोबांना जपलं तीच तोडायची, हा कसला मान?

गवंडीकाम
तुम्ही दोघं परदेशात फिरून या, तवर मी पेव्हरचं बोलतो. पंचवीस वर्षं हेच काम करायलोय. एका शाळेच्या फाटकाजवळ कडुनिंब होता, दोघांच्या कवेत मावायचा नाही असा. त्याला पार बांधायचं काम मीच घेतलेलं. साहेब म्हणाले, खोडाला भिडवून दोन फूट भर टाका, वरून काँक्रीट अन् टाइल. टाकली. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडून वाळायला लागला. पाचव्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात सायकल स्टँडवर आडवा. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. उकरून बघितलं तर भरीखालची साल कुजून काळी, हातानं सुटत होती. झाडाची खाणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, अन् ती फांद्यांच्या घेराबाहेरपण जातात. त्यांना हवा लागते. तेव्हा कळलं नाही, बिल निघालं याचाच आनंद.

पुण्यात अडकलेली लातूरकरीण
आमच्या गल्लीतल्या पिंपळाचंही हेच केलं! वर गिलाव्यावर "झाडे लावा" लिहिलंय.

सतरा सप्टेंबर
विषय स्मारकाचा आहे, पाराचा नाही.

गवंडीकाम
विषय तोच आहे. स्तंभाला पाया लागतो. सलग चर खणला की दहा झाडांची मुळं तुटली. चार सुटे खड्डे घेतले तर दोन मुळं वाचतात.

माळावरचा
त्यात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत फाटणारच.

गवंडीकाम
डोंगरावर काळी माती कुठून आणली? वीतभर माती, खाली मुरूम, मग खडक. जागा बघितली का फक्त फोटो?

माळावरचा
बघितलीय. पावसाळ्यात.

गवंडीकाम
तेच तर. एप्रिलात या. पानगळीचं रान आहे. चार महिने हिरवं, मग गवत पिवळं, झाडं उघडी, फक्त पळस पेटलेला. एकदा वणवाही येऊन जातो. तुम्ही लाकडी बाक अन् हिरवा रंग म्हणताव, तो कशात मिसळणार? आपल्या रानाचा रंग म्हणजे दगड. काळा पाषाण टाकीनं घडवा, कंबरेएवढी भिंत, वर नावं.

माळावरचा
लाकडी बाक मी म्हणालोच नव्हतो. पण दगडाचं पटलं. नाइलाजानं.

पुण्यात अडकलेली लातूरकरीण
वॉशिंग्टनची व्हिएतनाम भिंतही, म्हणजे त्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या नावांची, अशीच जमिनीत बसवलेली आहे, १९८२ ची. तिचा आराखडा केला तेव्हा माया लिन विद्यार्थिनी होती. लोक चिडले, काळी जखम म्हणाले, शेवटी १९८४ ला शेजारी तीन सैनिकांचा पुतळा बसवून समजूत काढली. आणि त्या भिंतीचा ग्रॅनाइट बंगळुरूहून गेलेला.

सतरा सप्टेंबर
म्हणजे पुतळा लागलाच ना शेवटी! धन्यवाद ताई, माझी बाजू मांडल्याबद्दल.

पुण्यात अडकलेली लातूरकरीण
पुतळा बाजूला आहे. लोक हात भिंतीवरच्या नावांना लावतात. आमच्या तालुक्याच्या हुतात्मा स्मारकात हात लावायला आत तर जाता आलं पाहिजे. आजोबांचं नाव आहे म्हणून बाबांना घेऊन गेले, तर कुलूप. किल्लीवाला लग्नाला गेलेला. फाटकाच्या गजांतून बाबांनी नाव वाचायचा प्रयत्न केला, चष्मा लावूनही दिसलं नाही. ते स्मारक रस्त्यावरून मात्र छान दिसतं.

सतरा सप्टेंबर
ते वाईट झालं. पण दोष कुलपाचा आहे, उंचीचा नाही.

माळावरचा
तुमच्या स्तंभाला कुंपण लागणार, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. भिंतीला काय लागतं? बरं, जागा वनखात्याची आहे की गायरान, हे कुणी बघितलंय का? वनात असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागेल. मग ५१ काय, ५ फूटही उभं राहणार नाही.

सतरा सप्टेंबर
सातबारा काढतो उद्या.

बरं, ऐका. पेव्हर रद्द. त्या कडुनिंबासाठी, तुमच्यासाठी नाही. स्तंभ १५ फूट, झाडीच्या अलीकडं, जिथं आधीच उघडं आहे तिथं. भिंत आत, पायवाट मुरमाची. पण रात्रीचा फोकस राहणार म्हणजे राहणार.

माळावरचा
फोकसनं घुबडं, वटवाघळं सगळी पळतील. रात्रभर उजेड कशाला?

सतरा सप्टेंबर
सुरू झालं परत!

गवंडीकाम
भांडा भांडा. डोंगरापर्यंत पोल आलाय का ते आधी बघा. खालच्या शिवारात थ्री फेज रात्री दीडला येते, अन् साडेतीनला जाते.