‘सर्व्हेलन्स’ला काय म्हणावं: पाळत, निगराणी की टेहळणी?

खडूफळा:
कायद्यावरच्या एका लांबलचक लेखाचं भाषांतर करतोय. ‘सर्व्हेलन्स’ शब्द पानोपानी आलाय. मी बिनधास्त ‘पाळत’ लिहीत सुटलो होतो. संपादकबाई म्हणाल्या, पाळत फार गुन्हेगारी वाटते, ‘निगराणी’ करा. मला निगराणी म्हटलं की सोसायटीच्या जिन्यातली पाटी दिसते: ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’. टेहळणी चालेल का?

भालदार:
टेहळणी नको. तिला बुरूज लागतो, नाहीतर विमान. टेहळणी सीमेची, मुलखाची होते. माणसावर पाळतच ठेवतात. मांजर उंदराच्या पाळतीवर असतं, टेहळणीवर नसतं.

निवृत्त हवालदार:
आमच्या ठाण्यात यातला एकही शब्द नव्हता. साहेब म्हणायचे, ‘त्याच्यावर वॉच ठेव’. संपलं.

ओवी:
खडूफळा, शब्दाआधी व्याकरण बघा. ‘देखरेखीखाली’ किंवा ‘निगराणीखाली’ म्हटलं की वाचक लगेच विचारतो, कोणाच्या? तिथे षष्ठी लागतेच: न्यायालयाच्या देखरेखीखाली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. याउलट ‘त्याच्यावर पाळत होती’ हे वाक्य ठेवणाऱ्याचं नाव न घेता सुखाने पुरं होतं. म्हणजे पाळतीत कर्ता लपू शकतो. सरकार गुपचूप करतं ते काम असेल तर पाळतच बरोबर, ती गुन्हेगारी वाटली तरी. (तुमच्या सोसायटीच्या पाटीवरही ‘सीसीटीव्हीच्या’ म्हटलेलं असतं. चित्रण कोण बघतं, ते तिथेही नाहीच.)

वकीलकाकू:
ओवीचं पटलं, पण सगळीकडे एकच शब्द चालणार नाही. 1962 चा खडकसिंग खटला घ्या. उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियम 236 मध्ये ‘सर्व्हेलन्स’ या एका शब्दाखाली काय काय कोंबलं होतं: घरावर छुपा पहारा, रात्री घरी जाऊन खात्री करणं, वेळोवेळी चौकशी, ये-जा टिपून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाने त्यातलं रात्रीचं घरी जाणं तेवढं रद्द केलं. बाकीचं राहिलं, कारण बहुमताला खासगीपणा हा मूलभूत हक्क वाटला नाही. न्या. सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत लिहिलं. खासगीपणाच्या हक्काला नऊ न्यायाधीशांची मान्यता मिळायला 24 ऑगस्ट 2017 उजाडला. तुमच्या लेखात या प्रकारांची यादी असेल तर तिथे पहारा, चौकशी, माग असे सुटे शब्द वापरा. ‘पाळत’ सगळ्यांचं मिळून नाव म्हणून ठेवा.

खडूफळा:
यादी आहेच! आभार. आता पुढचं कोडं. ‘पब्लिक सेफ्टी’ आणि ‘नॅशनल सिक्युरिटी’ दोन्हींना मी ‘सुरक्षा’ लिहिलंय. ओढाताण वाटतेय का?

वकीलकाकू:
ओढाताण नाही, चूक आहे! फोन टॅपिंगचा सगळा वाद या फरकावर उभा आहे. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम 5(2) म्हणतं की ‘सार्वजनिक आणीबाणी’ असेल किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’साठी गरज असेल, तरच संदेश अडवता येतील. देशाची सुरक्षा, परकीय राष्ट्रांशी संबंध वगैरे कारणं ही पहिली पायरी चढल्यानंतरची. 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता या दोन्ही गोष्टी गुप्त असूच शकत नाहीत, सामान्य माणसालाही त्या दिसायला हव्यात. त्याच आधारावर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही हीच जोडी आहे. तिथे सगळीकडे ‘सुरक्षा’ लिहिलीत तर पहिली पायरीच गायब होते.

ओवी:
भाषेतही फरक आहेच. सुरक्षा कोणीतरी पुरवतं: सुरक्षारक्षक, सुरक्षाव्यवस्था. सुरक्षितता ही आपली स्थिती. मंत्र्याला सुरक्षा असते, मुलीला रात्री घरी येताना सुरक्षितता हवी असते. म्हणूनच आपल्याकडच्या विधेयकाच्या नावात ‘जनसुरक्षा’ वाचल्यावर मला आधी बंदोबस्तच दिसला.

भालदार:
राजकारण नको, शब्दावर बोला.

ओवी:
शब्दावरच बोलतेय.

खडूफळा:
शेवटचं. ‘अकाउंटेबिलिटी’ला शासकीय मराठीत ‘उत्तरदायित्व’ आहे. तोंडात बसत नाही. ‘जबाबदारी’ लिहू?

ओवी:
जबाबदारी घेता येते, ‘ही माझी जबाबदारी’ असं छाती काढून म्हणता येतं. अकाउंटेबिलिटीत दुसरा कोणीतरी विचारणारा हवा. त्याला आपल्याकडे ‘जाब’ आहे की! जबाबातूनच आलेला, पण धारदार. जाब विचारतात, जाब द्यावा लागतो. नाम हवंच असेल तर ‘उत्तरदायित्व’ एकदा शीर्षकात ठेवा, पुढे क्रियापदाने लिहा: ‘सरकारला जाब कोण विचारणार?’

वकीलकाकू:
आणि प्रश्न नेमका तोच आहे. टॅपिंगचा आदेश गृहसचिव देतात. तो तपासते पुनर्विलोकन समिती, तिथेही सचिवच: केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष, राज्यात मुख्य सचिव. न्यायाधीश एकही नाही. 1996 च्या निकालानेही न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. तेव्हा ‘उत्तरदायित्व आहे’ असं कागदावर खरं ठरतं, पण जाब विचारणारा त्याच माडीवर बसतो.

जाता जाता एक भेट. पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या 27 ऑक्टोबर 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालय म्हणतं की राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव निघालं म्हणून न्यायव्यवस्थेने बिचकू नये. तिथे इंग्रजीत ‘बगबेअर’ शब्द आहे. पोरांना घाबरवायचं भूत. मराठी तुम्हाला सुचलं असेलच.

खडूफळा:
बागुलबुवा! लिहितोय. संपादकबाईंनी कापला तर?

निवृत्त हवालदार:
तर जाब विचारा.