वेंगुर्ल्यात समुद्राजवळ रॅक सर्व्हर बसवायचाय, पावसाळ्याआधी काय काय करून घेऊ?

काजूबी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

काकांचं काजूचं युनिट आहे, किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर असेल. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो, टॅली, बिलिंग, काट्यावरची वजनं आणि १६ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. इतकी वर्षं टेबलाखाली एक टॉवर सर्व्हर होता तो गेल्या श्रावणात गेला. उघडून बघितला तर रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी रेघा हिरवट पडलेल्या, मागच्या फॅनच्या जाळीवर बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे निघाले आणि आतल्या पत्र्यावर पांढरी भुकटी, मला वाटतं मीठच असावं. रात्रीची कॉपी काकांच्या लॅपटॉपवर पडायची म्हणून वाचलो, पण लॅपटॉप घरी राहिला होता त्यामुळे चार दिवसांच्या पावत्या मी आणि काकीने रात्री २ वाजेपर्यंत बसून परत भरल्या. तशी वेळ परत येऊ द्यायची नाहीये.

आता मुंबईहून रिफर्बिश्ड आर७३० (डेलचा रॅकमध्ये बसणारा सर्व्हर) घेतलाय, २यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), दोन पॉवर सप्लाय, चार डिस्क २ टीबीच्या. रेल, म्हणजे सर्व्हर रॅकमध्ये ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या, मिळालेले नाहीत. आमच्याकडे भिंतीवरचा ९यू रॅक आहे, खोली ६०० मिमी, त्यात हा मावतच नाही, मागून वीतभर बाहेर येतो. एसीवाला म्हणतो दीड टनाचा लावा आणि १८ वर ठेवा. काका म्हणतात रात्री युनिट बंद झालं की सर्व्हर पण बंद कर, लाईटबिल वाचेल. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आधीच टाकून आलंय. अजून एक, जुन्या टॉवरच्या पत्र्याला अनवाणी असताना हात लावला की मुंग्या यायच्या, त्याचा काही संबंध असेल का?

सड्यावरचा (रत्नागिरी)

मुंग्या येतात हे शेवटी लिहिलंस पण मी तिथूनच सुरुवात करतो. संबंध आहे आणि मोठा आहे. पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट बॉडीकडे सोडतात, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल किंवा नावापुरतंच असेल तर तो पत्र्यावर बसून राहतो आणि हात लावणाऱ्याला कळतो. आपल्याकडे सगळा जांभा, सड्यावर तर वीतभर माती आणि खाली कातळ, आणि जांभा सुकला की वीज जमिनीत जायलाच तयार नसते. पावसात अर्थिंग बरं वाटतं, एप्रिल-मेमध्ये मरतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात. मल्टिमीटर घे, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये व्होल्टेज बघ. २-३ च्या आत असेल तर ठीक, त्याच्या वर गेलं तर आधी अर्थिंगवाल्याला बोलव, सर्व्हर नंतर. बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी माती) घालून केमिकल अर्थिंग करून घे आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी एका माणसाला नेमून दे.

आता रॅक. भिंतीवरचा विसर, तो नेटवर्कच्या तारा जोडायच्या स्विच आणि पॅच पॅनलला ठेव. २यू सर्व्हर डिस्कसकट २५-३० किलो भरतो, भिंतीला दोन बोल्टवर लोंबकळत ठेवायची वस्तू नाही ती. ६०० बाय १००० चा उभा रॅक घे, २४ किंवा २७यू पुरे. १यू म्हणजे ४४.४५ मिमी, ते मोजून आधी कागदावर आखून घे कुठे काय बसणार. रेल त्याच मॉडेलचे शोध, सेकंडहँड मिळतात. नाहीच मिळाले तर चारही खांबांना धरणारा फुल डेप्थ शेल्फ टाक, फक्त पुढच्या कानांवर (दोन बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर) सर्व्हर टांगून ठेवू नकोस, कान वाकतात. केज नट (रॅकच्या चौकोनी भोकात बसणारे) एम६ चे, दोन डझन जास्तीचे घेऊन ठेव, कारण एक तरी खाली पडून रॅकच्या पायात जातोच. हवा पुढून आत आणि मागून बाहेर, म्हणून रॅकच्या मागे माणूस उभा राहील एवढी जागा सोड, भिंतीला टेकवू नकोस. मोकळ्या यूंवर ब्लँकिंग पॅनल (जागा झाकणाऱ्या पट्ट्या) लाव नाहीतर मागची गरम हवा वळून परत पुढे येते.

बांगडो (मालवण)

समुद्राचो वारो लोखंडाचा काय करता ता माका विचार. तौक्तेत, मे २०२१ मध्ये, पाऊस आडवो येय होतो, खिडकी बंद असान पण फटीतसून पाणी थेट स्विचवर. म्हणान पयलीच गोष्ट, सर्व्हरच्या खोलीक खिडकी नको, असली तर चिरे लावन बुजव.

(बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.)

ती पांढरी भुकटी मीठ नाही, पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो त्याचा गंज आहे तो. पण गंजवलं मिठानेच. आपल्या घरात आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, अगदी तेच मशीनच्या आत होतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांवर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते तर त्याच्या कितीतरी आधी ओलं होतं. बोर्डावर मिठाची धूळ बसलेलीच असते, ती कोरडी आहे तोवर फारसं बिघडत नाही, ओली झाली की खायला लागते. म्हणून आपल्याकडे नुसतं तापमान बघून चालत नाही, खोलीत ५०-६० टक्क्यांच्या वर दमटपणा जाऊ द्यायचा नाही. भिंतीवर घड्याळासारखा हायग्रोमीटर लाव, स्वस्त असतो, आणि येताजाता बघ.

आता काकांना हे दाखव. रात्री सर्व्हर बंद करू नका. चालू मशीनच्या आतला बोर्ड खोलीच्या हवेपेक्षा गरम असतो म्हणून कोरडा राहतो. बंद केलंत की थंड होतो, ओल धरतो आणि सकाळी त्याच ओल्या बोर्डावर करंट सोडता. रिकामा बसलेला सर्व्हर १५० वॉट खातो असं धरलं तर रात्रीच्या १२ तासांत २ युनिट सुद्धा होत नाहीत. दोन युनिटसाठी मशीन घालवू नका हो.

एसी १८ वर तर अजिबात नको. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के दमट असेल तर दवबिंदू २७ च्या आसपास येतो. म्हणजे २७ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूला बाहेरची हवा लागली की पाणी धरणार, कोकम सरबताचा पेला बाहेरून भिजतो तसंच. खोली १८ ला गार केलीत, लाईट गेली, कोणीतरी दार उघडं टाकलं, की रॅकचा पत्रा घामेजला. २४-२५ ठेवा, सर्व्हरला २७ पर्यंत काही त्रास नसतो. आणि दीड टन कशाला? सर्व्हर, स्विच, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) सगळं मिळून ६०० वॉट धरा, म्हणजे तासाला २००० बीटीयूच्या आसपास, १ टनाचा एसी १२००० काढतो. फार मोठा एसी खोली पटकन गार करून कॉम्प्रेसर बंद करतो, गार होतं पण हवा कोरडी होत नाही. १ टनाचा इन्व्हर्टर घ्या, आणि जमलं तर जोडीला एक डीह्युमिडिफायर, त्याचा पाइप थेट मोरीत सोडायचा, टाकी भरून बंद पडायला नको. इनडोअर युनिट रॅकच्या बरोबर वर लावू देऊ नका, ट्रे कधी ना कधी गळतोच.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वरच्या दोघांचं सगळं पटलं, एक भर घालतो. जड सामान रॅकच्या तळाला हा नियम बरोबर आहे, रॅक पुढे कलंडत नाही. आमच्या दुकानात पण तसंच होतं, तळाला यूपीएस, त्यावर सर्व्हर. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा शटर उघडायला पण मिळालं नाही. तीन दिवसांनी आत गेलो तर सर्व्हरच्या पुढच्या जाळीत चिखल थापल्यासारखा बसलेला, डिस्कचे ट्रे ओढले तर ओघळ आले. आता पहिल्या मजल्यावर आहे सगळं. तुमच्याकडे मजला नसेल तर चिऱ्याचे दोन थर रचून ओटा बांधा आणि त्यावर रॅक बोल्टने पक्का करा. केबल खालून आणू नका, वरून आणा, आणि भिंतीचं भोक फोमने भरा, तिथूनच उंदीर आणि पाली येतात. एका पालीने आमचा पॉवर सप्लाय गेलाय. कुंभारमाशी पण बघत जा, दोन महिने बंद असलेल्या जुन्या यूपीएसच्या फॅनमध्ये मातीचं घर केलं होतं, फॅन फिरेचना.

काजूबी (वेंगुर्ला)

किती आभार मानू कळत नाही. आत्ताच मीटर लावून आलो. न्यूट्रल-अर्थ १४ व्होल्ट! अर्थिंगचा खड्डा शोधला तर झाकणावर काजूची पोती रचलेली, आत कोरडी ठणठणीत माती. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभराने ६ वर आलं.

दोन पॉवर सप्लाय आहेत तर एक यूपीएसवर आणि दुसरा थेट लाईनवर देऊ का? म्हणजे यूपीएस गेला तरी सर्व्हर चालू राहील.

सड्यावरचा (रत्नागिरी)

पुस्तकी उत्तर हो असं आहे, पण आपल्याकडे मी नाही देत. थेट लाईनवर दिलास की वीज पडल्यावर झटका त्याच वाटेने आत. दोन यूपीएस परवडत असतील तर एकेकावर एकेक, नाहीतर दोन्ही एकाच ऑनलाइन यूपीएसवर. ऑनलाइनच घे, तो सतत स्वतः वीज बनवून देतो, लाईनचीच वीज पुढे सोडणारा लाइन इंटरॅक्टिव्ह नको. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (विजेचा झटका अडवणारं) बसव, आणि इंटरनेटची तार तांब्याची असेल तर फायबर करून घे, अर्धे बोर्ड त्या तारेतून आलेल्या झटक्याने जातात. जनरेटर असेल तर त्यावर यूपीएस चालतो का ते आत्ताच बघ, छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलते आणि यूपीएस ती घेतच नाही, बॅटरीवरच बसून राहतो. सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सीची मर्यादा वाढवता येते. बॅटऱ्या पण एसीच्या खोलीतच ठेव, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

हर्णैबंदर (दापोली)

मी फक्त डाटाचं बोलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमची कौलं उडाली, लाईट यायला आठवडे लागले. रॅक शाबूत होता पण उपयोग शून्य, कारण बॅकअपची डिस्क त्याच रॅकच्या वर ठेवलेली आणि ती चालवायला जवळपास कुठे वीजच नव्हती. तेव्हापासून एक कॉपी पुण्याला बहिणीकडे असते, रोज रात्री नेटवरून जाते, आणि एक यूएसबी डिस्क दर शनिवारी घरी नेतो. तू लॅपटॉपचा अनुभव घेतलायसच, माणसाच्या आठवणीवर बॅकअप ठेवू नको.

रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी डाटा वाचावा म्हणून तो अनेक डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत. चार डिस्कना रेड ५ करू नकोस, एक गेली आणि तिच्या जागी नवीन भरता भरता अजून एक गेली की संपलं, जुन्या डिस्क एकाच वयाच्या असतात. रेड १० कर नाहीतर रेड ६, जागा ४ टीबीच मिळेल दोन्हीत. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्यात टाकूच नकोस, त्याला एनव्हीआरची वेगळी डिस्क बरी. २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, ते पुसून नवीन टाक. आयड्रॅकचा (सर्व्हरवर लांबून लक्ष ठेवायची डेलची सोय) पासवर्ड पहिल्या दिवशी बदल, त्यात ईमेल अलर्ट लाव म्हणजे डिस्क, फॅन, पॉवर सप्लाय काही कुरकुरलं की घरबसल्या कळतं. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून टॅलीची कंपनी दुसऱ्या मशीनवर उघडून बघ, उघडली तरच तो बॅकअप.

काजूबी (वेंगुर्ला)

काकांना सगळं वाचून दाखवलं. दोन युनिटचा हिशोब ऐकून त्यांनी रात्री बंद करायचा विषय स्वतःच सोडला, आणि मागची गोदामाची खोली देतायत, तिला खिडकी नाही. सोमवारी अर्थिंगवाला येतोय, त्याच दिवशी गवंडी ओट्यासाठी चिरे टाकतोय. बहीण नाही पण मावसभाऊ कोल्हापूरला असतो, त्याच्याकडे कॉपी ठेवायचं विचारलंय, हो म्हणालाय. रेल मात्र अजून मिळाले नाहीत, कोणाकडे आर७३० चे पडून असतील तर कळवा, मी कुडाळपर्यंत घ्यायला येईन.