मदत हवी आहे: "शिशाचं सोनं झालं" म्हणून डागदागिने मोडायला आलेल्या आजींना काय सांगू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापुरातला. घर पिढीजात सोनारकामाचं, स्वतः मुशीसमोर बसायला लागून तीसेक वर्षं होत आली. शिक्षण बारावी सायन्स, ते पण कधीचं. वाचायची आवड आहे पण वाचलेलं मराठीत दुसऱ्याला सांगायची वेळ आली की अडतंय, आणि आता नेमकी तशीच वेळ आलीय.

झालं असं, मागच्या आठवड्यात येळ्ळूरकडच्या एक आजी नातवाला घेऊन दुकानात आल्या. पदराखालचं पुडकं सोडलं तर आत बोरमाळ, पाटल्यांचा जोड आणि पुतळ्यांचा हार, त्यातल्या तीन पुतळ्या गेलेल्या. म्हणाल्या सगळं मोडून पैसे दे बाळा. मी विचारलं लग्न निघालंय काय, दवाखाना लागलाय काय, तर तसं काहीच नाही. नातवाच्या मोबाईलवर मेसेज आलाय की शास्त्रज्ञांनी शिशापासून सोनं केलं, आता कारखान्यात सोनं निघणार आणि घरातल्या सोन्याला कोण विचारणार नाही. आजींना रात्रभर झोप नाही. ती बोरमाळ माझ्या वडिलांच्या हातची, मणी बघितल्या बघितल्या ओळखली मी. मोड घेतली असती तर धंदा माझाच झाला असता पण हात पुढं होईना. म्हटलं आजी आठ दिवस थांबा, मी नीट वाचून सांगतो, मग काय ते ठरवा. त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत. त्यांना चुकीचं काही सांगायचं नाही मला, म्हणून विचारालोय.

आधी मला काय समजलंय ते लिहितो, चुकलं तर सरळ सांगा.

मेसेज पूर्ण खोटा नाही. जिनिव्हाजवळ सर्न नावाच्या संशोधन केंद्रात जमिनीखाली २७ किलोमीटरचा गोल बोगदा आहे, त्यात शिशाचे अणू जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं समोरासमोरून सोडतात. मे २०२५ मध्ये तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगाच्या लोकांनी जाहीर केलं की असं करताना काही शिशाचं सोनं झालेलं आहे. शिशाच्या अणूच्या पोटात ८२ प्रोटॉन, सोन्याच्या ७९, म्हणजे तीन काढले की सोनं, हिशोब इतकाच. पण झालं किती? २०१५ ते २०१८ एवढ्या काळात मिळून २९ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले २९. मी वहीत गुणाकार करून बघितला, आमची एक गुंज धरा ०.१२ ग्रॅम, त्या वेगानं एक गुंज सोनं व्हायला सोळाशे कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वयच १३८० कोटी वर्षं म्हणतात. दोनदा केला हिशोब, तेवढाच आला. कुणीतरी तपासा की.

दुसरं, मग खरं सोनं आलं कुठून? तर आपल्या सूर्यात सोनं होत नाही. मोठ्या ताऱ्यांच्या पोटात हलक्या अणूंचे जड अणू होत जातात पण ती भट्टी लोखंडापर्यंतच चालते, लोखंडाच्या पुढं जोडाजोडीतून उष्णता मिळत नाही उलट द्यावी लागते. सोन्याला वेगळी भट्टी लागते. १७ ऑगस्ट २०१७ ला अवकाशातले हादरे (गुरुत्वीय लहरी) टिपणाऱ्या, अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी आणि इटलीतल्या व्हर्गोनं मिळून दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळलेले पकडले, आणि तिथंच सोनं तयार झालेलं दिसलं असं मी वाचलंय. ही बातमी जगाला सांगितली १६ ऑक्टोबर २०१७ ला, दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती. दुकानात त्या दिवशी मान वर करायला फुरसत नव्हती, आणि आपण ज्याचं वजन करालोय ते कुठं तयार होतं याची बातमी आदल्याच दिवशी आलेली. मला हे फार उशिरा कळलं, कळल्यापासून ते डोक्यातनं जात नाही.

आता अडलंय ते असं. न्यूट्रॉन तारा म्हणजे काय हे आजींना समजेल असं कसं सांगायचं? आणि तिथं सोनं "दिसलं" म्हणजे नेमकं काय दिसलं, कारण आम्ही कसोटीवर कस लावल्याशिवाय कशालाच सोनं म्हणत नाही, मग इतक्या लांबच्या वस्तूचा कस लावला कुणी आणि कसा? तिसरं जरा माझ्या धंद्यातलं आहे. मुशीत आटवताना सोनं तळाला जातं आणि टाकणखारात सापडलेला मळ वर येतो. पृथ्वी सुरवातीला वितळलेली होती म्हणतात, मग सगळं सोनं तळाला जायला पाहिजे होतं, वर खाणीत कसं काय सापडतंय?

खानापूरची लेक:
काका, धागा वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय. तुमचा गुंजेचा हिशोब तपासला, बरोबर आहे. त्यात अजून एक घाला, ते सोनं हातात येतच नाही, तयार झालं की क्षणात त्या बोगद्यातल्या नळीच्या भिंतीवर आपटून त्याचे तुकडे होतात. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही, १९८० मध्ये ग्लेन सीबोर्ग यांच्या गटानं अमेरिकेत बिस्मथचे थोडे अणू सोन्यात बदलले होते. त्यानं सोन्याचा भाव पडला नाही, खर्चच इतका की कुणी नादाला लागलं नाही.

पण एक दुरुस्ती करते, राग मानू नका. २०१७ ला सोनं दिसलं असं म्हणणं जरा पुढचं होतं. त्या टकरीतून आलेला उजेड दुर्बिणींनी बघितला, पण सोन्याची स्वतःची खूण त्यात वेगळी काढता आलेली नाही. तुम्ही कसोटीचं लिहिलंय ना, तेच धरून सांगते. तुम्ही दगडावरची रेघ बघता, तसं हे लोक उजेडाचे रंग सुटे करून त्यातल्या रेघा बघतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. २०१९ मध्ये त्याच टकरीच्या उजेडात स्ट्रॉन्शियमची खूण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. फटाक्यात लाल रंगासाठी वापरतात ना तेच. नंतर मार्च २०२३ मध्ये झालेल्या एका स्फोटात जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीला टेल्युरियम नावाच्या जड मूलद्रव्याची खूण मिळाली.

दुसरा पुरावा रंगाचा. तो उजेड पहिल्या दिवशी निळसर होता आणि काही दिवसांत लाल होत गेला. लँथॅनाइड नावाच्या जड धातूंचे अणू निळा उजेड अडवतात, लाल सोडतात. ते तिथं असतील तरच हिशोब जुळतो, आणि ज्या रीतीनं ते होतात त्याच रीतीनं सोनंही होतं. म्हणून तिथं पृथ्वीच्या वजनाच्या कित्येक पट सोनं झालं असणार असा अंदाज आहे. आजींना सांगताना "झालं असणार" असंच सांगा.

न्यूट्रॉन तारा असा सांगा. सूर्याहून जड ऐवज, पण दाबून दाबून एवढा केलेला की बेळगावातून निघालं तर खानापूर यायच्या आत तो संपतो, म्हणजे वीसेक किलोमीटर. अशा दोन गोळ्यांची टक्कर झाली की न्यूट्रॉनचा धो धो पाऊस पडतो. अणू भराभर न्यूट्रॉन गिळतो, पोटातले काही न्यूट्रॉन प्रोटॉन होतात, आणि ७९ ला येऊन थांबला की ते सोनं. ही टक्कर १३ कोटी प्रकाशवर्षं लांब झाली, म्हणजे तिथून उजेड निघाला तेव्हा इथं डायनासोर फिरत होते.

निपाणीचा मास्तर:
सोनारभाऊ, तिसरा प्रश्न मी घेतो, शाळेत भूगोल-विज्ञान दोन्ही शिकवतोय. तुमच्या मुशीचं उदाहरण अगदी नेमकं बसलंय. पृथ्वी वितळलेली असताना लोखंड केंद्राकडं गेलं आणि सोन्याला लोखंडाची संगत आवडते, ते त्याच्याबरोबर खाली गेलं. आजही पृथ्वीवरलं ९९ टक्क्यांहून जास्त सोनं खाली जवळजवळ ३००० किलोमीटरवर गाभ्यात आहे. मग वरचं कुठलं? वरचं कवच घट्ट होत आल्यावर बाहेरनं उल्का पडत राहिल्या, त्यांच्यातनं आलेलं सोनं वरच राहिलं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. पण २०२५ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी हवाईच्या लाव्हारसात रुथेनियमची (हा पण सोन्यासारखाच लोखंडाबरोबर खाली गेलेला धातू) अशी खूण शोधली की ती गाभ्यातनंच वर आलेली असावी, म्हणजे तळातलं पण थोडं थोडं झिरपून वर येतंय.

नंतर जमिनीखालचं कढत पाणी खडकाच्या भेगांतनं फिरतं, सोनं विरघळवून नेतं आणि गारगोटीच्या शिरांत सोडतं. आपल्या कर्नाटकातलं सोनं असंच, दोन अब्ज वर्षांहून जुन्या खडकात. कोलारची खाण तीन किलोमीटरच्या वर खोल गेली आणि २००१ मध्ये बंद पडली, रायचूरकडची हट्टी अजून चालू आहे. गदगजवळ कप्पतगुड्डातही सोनं आहे. बेळगावात मात्र आपल्या पायाखाली बरंचसं काळा पाषाण, तिथं शोधत बसू नका.

आजींना खडकाचं सांगाच. गावाकडच्या माणसाला उजेडापेक्षा दगड लवकर पटतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

खानापूरची लेक:
अजून एक राहिलं. सगळं सोनं टकरींतूनच आलं असं आता कुणी ठामपणे म्हणत नाही. एप्रिल २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २००४ चा एक जुना स्फोट परत तपासला, मॅग्नेटार म्हणजे प्रचंड चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा. वीस वर्षं न उलगडलेली खूण जड मूलद्रव्यं तयार होण्याची निघाली. आपल्या आकाशगंगेतला जड मूलद्रव्यांचा दहा टक्क्यांपर्यंत वाटा अशा स्फोटांचा असू शकेल म्हणतात. आणि आपल्याकडं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो इंडिया होतेय, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केलेत. ते चालू झालं की टक्कर आकाशात नेमकी कुठं झाली ते जास्त नीट कळेल.

धागाकर्ता:
मंडळी, उशीर झाला लिहायला. आजी आल्या होत्या. मी मूस पेटवूनच ठेवली होती. त्यांच्या समोर थोडा मोड आटवला, टाकणखार टाकला, वर मळ कसा येतो आणि सोनं तळाला कसं बसतं ते दाखवलं आणि म्हटलं आजी पृथ्वीचं पण असंच झालं, तळातलं कुणाला काढता येत नाही, वर आहे ते एवढंच. मास्तर, तुमचं खरं ठरलं, दगडाचं त्यांना लगेच पटलं. मग गुंज दाखवली, लाल काळी, आमच्याकडं वडिलांच्या वेळची डबीत आहे, आणि सांगितलं की एवढं सोनं करायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ लागतो. आजी बराच वेळ गुंज हातात धरून बसल्या. नंतर त्यांनी पाटल्या घातल्या, बोरमाळ पुडक्यात बांधली. हाराच्या तीन पुतळ्या मात्र करून दे म्हणाल्या, ते काम घेतलंय.

ताऱ्यांचं सांगताना मी दोनदा अडखळलो. नातू नववीत आहे, त्यानंच मला सावरलं, "अणुकेंद्रक" शब्द त्यानंच काढला. जाताना त्यानं विचारलं, काका बावीस कॅरेटात दोन भाग दुसरा धातू असतो म्हणता, ते तांबं पण टकरीतलंच काय? मला येईना. त्याला सांगितलंय की पुतळ्या न्यायला येशील तेव्हा उत्तर देतो.

खानापूरची लेक:
नाही काका, तांबं त्या टकरीतलं नव्हे. त्याचे २९ प्रोटॉन, लोखंडाच्या जरासंच पुढं. ते मुख्यतः मोठ्या ताऱ्यांच्या पोटात सावकाश तयार होतं, एकेक न्यूट्रॉन गिळत, मध्ये भरपूर वेळ जातो, आणि तारा फुटला की बाहेर येतं. म्हणजे आजींच्या पाटल्यांत दोन वेगवेगळ्या भट्ट्यांचा माल आहे. डागात चांदी मिसळली असेल तर तिचं अजून निराळं, तिचा मोठा भाग भराभर न्यूट्रॉन गिळूनच होतो, थोडा सावकाश रीतीनं. हे त्याला तुमच्या मुशीसमोरच बसवून सांगा, आणि पुतळ्या झाल्या की इथं कळवा.